आपलंच बोलणं ऐकण्याचे दोनशे डॉलर

यंदाच्या जून महिन्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मी बरीच वर्षं राहते आणि मराठी-हिंदीची दुभाषी म्हणून काम करते. एका रविवारी ओळखीच्या एका तरुणाचा फोन आला. त्याची आई सांगलीजवळच्या गावातून सहा महिन्यांसाठी आली होती. वय एकाहत्तर. पहाटे उठून अंघोळ, मग देवपूजा, आणि पूजेला फुलं हवीत. मुलाच्या घरापुढे नुसतं गवत. तेव्हा आजी परडी घेऊन निघाल्या आणि शेजारच्या गल्लीतल्या दोन-तीन अंगणांतून गुलाब आणि पिओनीची चार फुलं त्यांनी तोडली. आपल्याकडे कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंद पहाटे कोणी नेली तर घरमालक फार तर आतून ओरडतो. इथे घरमालकानं पोलिसांना फोन केला.

तीन पोलीस आले. पाऊण-एक तास गेला. अखेर शोधत निघालेला मुलगा तिथे पोहोचला आणि प्रकरण लेखी ताकिदीवर मिटलं. अटक नाही, दंड नाही. पण आठवड्यानं मुलानं पोलिसांचा अहवाल मागवून वाचला, तेव्हा तो घाबरला. त्यात लिहिलं होतं, की संबंधित महिलेनं प्रश्नांची उत्तरं देण्यास नकार दिला आणि अधिकाऱ्याच्या दिशेनं हात झटकला. आईच्या मुक्कामाची मुदत वाढवण्याचा अर्ज त्याला करायचा होता. असा कागद कुठल्या तरी फायलीत पडून राहणं त्याला परवडणारं नव्हतं.

आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मी सगळं सांगत होते की त्याला! तो ऐकतच नव्हता."

तिन्ही पोलिसांच्या छातीवर कॅमेरे होते. म्हणजे आजी काय म्हणाल्या, हात कसा हलला, हे तीन कोनांतून नोंदलेलं होतं. ओहायोत अशी फीत सार्वजनिक नोंद मानली जाते आणि कोणीही ती मागू शकतं. मुलानं अर्ज केला. काही दिवसांनी ईमेल आला. तीन कॅमेऱ्यांचं मिळून दोन तास चाळीस मिनिटांचं चित्रीकरण आहे. ताशी ७५ डॉलर या दरानं २०० डॉलर आगाऊ भरावेत, मग काम सुरू होईल. आजींना रक्कम रुपयांत सांगितली. सतरा हजारांच्या घरात. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "माझंच बोलणं मला ऐकायला पैसे?"

मुलानं पैसे भरले; त्याला ते शक्य होतं. आजींचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. तो भाबडा वाटतो, पण अमेरिकेतली न्यायालयं आणि विधिमंडळं गेली दहा वर्षं याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. त्याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न.

कॅमेरा छातीवर कसा आला

९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एका पोलिसाच्या गोळीनं मेला. त्याचे हात वर होते की तो पोलिसावर धावून गेला होता, यावर साक्षीदारांचं एकमत नव्हतं आणि चित्रीकरण नव्हतं. त्यानंतरच्या आंदोलनांतून एक मागणी पुढे आली: पोलिसांच्या अंगावर कॅमेरे लावा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओबामा सरकारनं ५० हजार कॅमेऱ्यांच्या खरेदीला हातभार लावण्यासाठी तीन वर्षांत साडेसात कोटी डॉलर देण्याचा प्रस्ताव मांडला.

या आशेला आधार होता कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या छोट्या शहराचा. तिथे २०१२-१३ मध्ये झालेल्या प्रयोगात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी सुमारे ८८ टक्क्यांनी आणि बळाचा वापर सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे आकडे आले होते. पुढे २०१७ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या दोन हजारांहून अधिक पोलिसांवर मोठा अभ्यास झाला, त्यात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. मला हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. कॅमेरा लागला म्हणून माणूस आपोआप बदलत नाही. चित्रीकरण कोणीतरी पाहील आणि जाब विचारील, ही शक्यता त्याला बदलते. ती शक्यता किती खरी आहे, हे शहरागणिक वेगळं असतं.

पाहिल्यानं काय होतं, याचं उदाहरण ओहायोतच आहे. १९ जुलै २०१५ रोजी सिनसिनाटीत सॅम्युअल ड्युबोस या वाहनचालकाला विद्यापीठाच्या पोलिसानं गाडीला पुढची नंबरप्लेट नाही म्हणून थांबवलं आणि काही मिनिटांत त्याला गोळी घालून ठार केलं. गाडीबरोबर आपण फरफटत गेलो म्हणून गोळी झाडली, असं त्या पोलिसाचं म्हणणं होतं. वृत्तसंस्थांनी छातीवरच्या कॅमेऱ्याची फीत मागितली, न्यायालयाचं दार ठोठावलं. २९ जुलैला सरकारी वकिलांनी ती जाहीर केली, तेव्हा तीत फरफटणं दिसत नव्हतं. त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला. दोन्ही खटल्यांत ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि अखेर आरोप मागे घेतले गेले. पण विद्यापीठानं कुटुंबाला सुमारे ४८ लाख ५० हजार डॉलरची भरपाई दिली. अहवालातलं वाक्य आणि फितीतलं दृश्य यांत किती अंतर असू शकतं, हे त्या दहा दिवसांनी दाखवलं. आजींच्या फुलांची गोष्ट त्यापुढे क्षुल्लक आहे. पण अंतर त्याच जातीचं आहे.

खर्च कशाचा

पोलीस खात्यांची बाजूही खरी आहे. फाईल काढली, झेरॉक्स मारली, दिली, असं चित्रफितीचं होत नाही. कॅमेरा रस्त्यावरचं सगळंच टिपतो: खिडकीतून दिसणारं मूल, जखमी माणूस, घराचा आतला भाग, पोलिसांच्या गाडीतल्या संगणकावर उघडलेली तिसऱ्याच कोणाची माहिती, वायरलेसवर वाचली जाणारी जन्मतारीख. यातलं काय झाकायचं, याची यादी ओहायोच्या कायद्यात २०१९ मध्ये घातली गेली. ती यादी योग्यच आहे. आजींच्या फितीत त्या गल्लीतल्या एखाद्या बाईचं घर आतून दिसत असेल, तर ते मला दिसण्याचं कारण नाही.

झाकायचं कसं? चित्रीकरण सेकंदाला ३० चौकटींचं धरलं, तर एका तासात एक लाख आठ हजार चौकटी होतात. चेहरा हलतो, कॅमेरा घातलेला माणूसही हलतो, त्यामुळे धूसर ठिपका त्या चेहऱ्यामागे धावत ठेवावा लागतो. आता सॉफ्टवेअर यातलं पुष्कळ काम करतं, पण चुकलं का ते पाहायला माणूस लागतो. आवाज वेगळा तपासावा लागतो. तीन पोलीस असतील तर तेच दृश्य तीनदा. शिवाय साठवणीचा खर्च वर्षानुवर्षं चालू राहतो, आणि बहुतेक खाती त्यासाठी खासगी कंपन्यांना नियमित पैसे मोजतात. कॅमेरे घेताना अनुदान मिळालं. नोंदी देणाऱ्या खिडकीवर दुसरा कारकून ठेवायला ते मिळालं, असं क्वचितच झालं.

त्यात सरसकट मागणी करणारे येतात. २०१४ मध्ये सिअ‍ॅटल आणि आसपासच्या पोलीस खात्यांकडे एका निनावी अर्जदारानं जवळपास सगळंच चित्रीकरण मागितलं. काही खाती कॅमेऱ्यांचा नाद सोडण्याच्या बेतात आली. सिअ‍ॅटलनं वेगळी वाट धरली: त्या तरुण प्रोग्रामरलाच बोलावून घेतलं, प्रोग्रामरांचा मेळा भरवला आणि आपोआप धूसर केलेल्या, आवाज काढलेल्या फिती यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली एनवाय-वन या वृत्तवाहिनीनं सुमारे १९० तासांचं चित्रीकरण मागितलं, तेव्हा पोलिसांनी ३६ हजार डॉलरचा अंदाज कळवला. वाहिनी न्यायालयात गेली.

अलीकडे आणखी एक गिऱ्हाईक आलं आहे. पोलिसांच्या फिती मागवायच्या, त्यातली दारुड्यांची, भांडणांची, रडारडीची दृश्यं कापून यूट्यूबवर लावायची आणि जाहिरातींवर पैसे कमवायचे. असे कितीतरी चॅनल आहेत. करदात्याच्या पैशानं यांची चाकरी का करायची, हा पोलिसांचा प्रश्न मला अवाजवी वाटत नाही.

राज्याराज्यांची उत्तरं

ओहायोचं उत्तर ७५ डॉलरचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये, अधिवेशन संपता संपता, हाऊस बिल ३१५ या टाउनशिपांच्या कारभाराविषयीच्या जाडजूड विधेयकात रात्रीच्या कामकाजात एक तरतूद घुसवली गेली. तिच्यावर स्वतंत्र जनसुनावणी झाली नाही. गव्हर्नर माइक डिवाइन यांनी जानेवारी २०२५ मध्ये सही केली. तासाला जास्तीत जास्त ७५ डॉलर आणि एका मागणीला जास्तीत जास्त ७५० डॉलर, अशी मर्यादा आहे. शुल्क घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. घेण्याची मुभा आहे. आधी ओहायोत नोंदीची प्रत घेताना प्रतीपुरता खर्च द्यावा लागे, कर्मचाऱ्याच्या वेळेचा नव्हे. आता चित्रफितीच्या बाबतीत वेळेचाही धरता येतो, आणि तोही फीत नुसती पाहायला तयार करून देण्यासाठीसुद्धा.

कॅलिफोर्नियाचं उत्तर न्यायालयातून आलं. डिसेंबर २०१४ मध्ये बर्कलीत पोलिसी हिंसेविरुद्ध निदर्शनं झाली. मदतीला शेजारच्या हेवर्ड शहरातले पोलीस गेले होते. नॅशनल लॉयर्स गिल्ड या वकील संघटनेनं त्यांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रीकरण मागितलं. सुमारे सहा तासांची फीत झाकून द्यायला हेवर्डनं तीन हजार डॉलरहून अधिक घेतले. संघटनेनं ते भरले आणि परत मागण्यासाठी दावा लावला. राज्याच्या कायद्यात संगणकीय माहितीच्या 'उपसण्याचा' खर्च अर्जदाराकडून घेण्याची सोय होती. फितीतून गोपनीय भाग काढून टाकणं म्हणजे उपसणंच, असा शहराचा युक्तिवाद. मे २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो फेटाळला. विहिरीतून पाणी काढणं वेगळं आणि पाण्यातला गाळ काढणं वेगळं, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. कागदावरचा गोपनीय मजकूर खोडण्याचे पैसे कधी घेतले जात नव्हते. नोंद चित्रफितीच्या रूपात आहे म्हणून नियम बदलत नाही.

वॉशिंग्टन राज्यानं २०१६ मध्ये तिसरी वाट काढली. तिथे मोघम 'सगळं द्या' चालत नाही. घटनेतल्या व्यक्तीचं किंवा पोलिसाचं नाव, प्रकरणाचा क्रमांक किंवा तारीख-वेळ-ठिकाण, यांपैकी काहीतरी नेमकं सांगावं लागतं. झाकण्याचा वाजवी खर्च अर्जदाराकडून घेता येतो. पण घटनेत जी व्यक्ती प्रत्यक्ष सामील होती, तिच्याकडून किंवा तिच्या वकिलाकडून तो घेता येत नाही. आजी तिथे असत्या तर झाकण्याच्या खर्चापोटी त्यांना दमडीही लागली नसती.

चौथं उत्तर नॉर्थ कॅरोलायनाचं. तिथे २०१६ पासून अशी फीत सार्वजनिक नोंदच मानली जात नाही; प्रत बाहेर यायची तर न्यायाधीशाचा आदेश लागतो. शुल्काचा प्रश्नच मिटला, कारण दारच बंद झालं. ओहायोचे ७५ डॉलर त्या मानानं उदार वाटतात, हेही नमूद करायला हवं.

पहिला तास फुकट

हे वाचताना मला आपला २००५ चा माहिती अधिकार कायदा आठवत राहिला. केंद्राच्या नियमांत अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये. नोंदी जागेवर पाहायच्या असतील तर पहिला तास फुकट, पुढच्या प्रत्येक तासाला ५ रुपये. फ्लॉपीवर माहिती हवी तर ५० रुपये. नियमांतली ती फ्लॉपी बाजारातून कधीच गेली. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. आणि कलम ७ मधली मला सर्वात आवडणारी सोय: ठरल्या मुदतीत माहिती दिली नाही, तर ती फुकट द्यावी लागते. उशिराचा भुर्दंड कार्यालयावर.

म्हणून आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं नाही. अर्ज केलेल्या कोणालाही विचारा. पण शुल्क ठरवताना एक गोष्ट मनात होती, की दर इतका असावा की मागणाऱ्यानं मागण्याआधी खिसा चाचपू नये. हा प्रश्न आपल्याही दारात येणार आहे. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे सीसीटीव्ही लावायला आणि ते चित्रीकरण शक्यतो अठरा महिने, कमीत कमी वर्षभर जपायला सांगितलं. लोक ते मागू लागले की त्यातल्या तिऱ्हाइतांचे चेहरे झाकावे लागतील. त्या झाकण्याचं बिल कोणाच्या नावानं फाडायचं, हे तेव्हा ठरवावं लागेल, आणि २ रुपये पानाचा हिशेब तिथे पुरणार नाही.

मला काय वाटतं

खर्च खरा आहे, हे मान्य करूनच बोलायला हवं. पण ताशी दर ज्यांना आवरण्यासाठी आणला असं सांगितलं जातं, त्यांना तो आवरत नाही. लाखो प्रेक्षक असलेला चॅनल २०० डॉलर धंद्याचा खर्च म्हणून भरतो आणि वसूल करतो. अडतो तो एकच फीत, एकदाच, स्वतःसाठी मागणारा माणूस. कोलंबस शहरात भूतानमधून निर्वासित म्हणून आलेल्या नेपाळी भाषकांची मोठी वस्ती आहे. त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांशी मी पुष्कळदा हिंदीत बोलते. वाहतुकीच्या एका प्रकरणात त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी फीत मागवायचं ठरवलं होतं. अंदाजाचं पत्र आलं, त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "जाऊ द्या. पोलिसांनी लिहिलंय ते लिहिलंय." त्यांच्यापुरता अहवालच अंतिम ठरला. त्यात खोटं होतं असा माझा दावा नाही. काय होतं ते आता कोणीच पाहणार नाही, एवढंच.

दुसरं, ताशी दरात एक उलटा हिशेब आहे. घटनास्थळी जितके जास्त पोलीस आणि जितका जास्त वेळ, तितकी फीत लांब आणि बिल मोठं. म्हणजे ज्या प्रसंगात चूक होण्याची शक्यता अधिक, तोच पाहायला सर्वात महाग. पोलिसांनी तीन माणसं पाठवली, यात आजींचा काही हात नव्हता.

आणि झाकण्याचं काम कोणासाठी? रस्त्यावरच्या मुलासाठी, खिडकीतल्या बाईसाठी. हे सगळ्यांच्या हिताचं काम आहे. मग त्याचा भार जो मागेल त्या एकट्यावर का? कॅमेऱ्याची किंमत शहर देतं, पोलिसाचा पगार शहर देतं, साठवण शहर देतं. दाखवण्याचा खर्च तेवढा वेगळा काढून नागरिकाच्या हातात ठेवला जातो. मला वॉशिंग्टन राज्याची वाट त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते: मागणी नेमकी असावी, आणि जो फितीत आहे त्याला ती झाकण्याच्या खर्चाशिवाय मिळावी. धंद्यासाठी ढिगानं मागणाऱ्याकडून खुशाल खर्च घ्या. त्यात आपल्या कायद्यातल्या दोन गोष्टी जोडाव्यात: पहिला तास फुकट, आणि उशीर झाला तर शुल्क माफ.

आजींची फीत तीन आठवड्यांनी आली. मुलाच्या बैठकीत आम्ही ती लॅपटॉपवर पाहिली. घरं धूसर केली होती, गाड्यांच्या नंबरप्लेटी धूसर होत्या. आजी स्वच्छ दिसत होत्या, हातात परडी. पोलीस सभ्यपणे, पण सावकाश आणि मोठ्यानं इंग्रजीत पुन्हा पुन्हा नाव-पत्ता विचारत होता. आणि आजी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होत्या. "देवाला चार फुलं घेतलीत बाबा. ते बघ, तिकडं घर आहे आमचं." असं म्हणताना उजवा हात घराच्या दिशेनं जोरात जातो. मधे उभा होता पोलीस. अहवालातला हात झटकणं ते हेच.

मी मिनिटावार भाषांतर करून दिलं. मुलानं ते खात्याकडे पाठवलं. महिन्याभरानं उत्तर आलं: मूळ अहवाल बदलता येत नाही, पण महिला मराठीत उत्तर देत होती आणि घराकडे बोट दाखवत होती, अशी पुरवणी नोंद जोडली आहे. ज्या अधिकाऱ्यानं ती जोडली, त्यानं फोनवर मनापासून दिलगिरी व्यक्त केली. तो माणूस वाईट नव्हता. त्याला मराठी येत नव्हतं आणि रकान्यात काहीतरी लिहायचं होतं.

आजी सप्टेंबरात सांगलीला परतल्या. निघण्यापूर्वी त्यांनी मला त्या पुरवणी नोंदीचं मराठी करून मागितलं. मी एका कागदावर लिहून दिलं. त्यांनी तो पासपोर्टमध्ये घालून ठेवला.